तीस अंशांच्या आत: रिसॉर्टनंतरचा पहिला बॅककंट्री हंगाम

स्नोक्वाल्मी पासला दोन-तीन हंगाम काढले की ब्लू (मध्यम) रन कंटाळवाणे होतात, ब्लॅकवर (अवघड उतारांवर) पाय लटपटायचे थांबतात, आणि शनिवारी लिफ्टच्या रांगेत अर्धा तास उभं राहून पाच मिनिटांची उतरण पदरी पडते. मग एक दिवस चेअरलिफ्टमधून समोरच्या डोंगरावर नागमोडी चढत गेलेली बारीक रेघ दिसते. कुणीतरी स्की पायात घालूनच चालत वर गेलंय आणि अख्खा उतार त्याला एकट्याला मिळालाय. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर असं स्वतः चढून स्की करणं म्हणजे बॅककंट्री. हा किडा डोक्यात शिरला असेल तर पुढचं वाचा. तपशील सिॲटलजवळच्या कॅस्केड डोंगरांचा आहे. कोलोरॅडोत किंवा युटात राहणाऱ्यांना सामान हेच लागेल, पण तिथल्या बर्फाचा स्वभाव वेगळा आहे.

आपल्यापैकी ज्यांचे पाय सह्याद्रीत घडलेत त्यांना एक फायदा असतो. पहाटे निघणं, पाठीवर ओझं घेऊन तासन् तास चढणं, नकाशा बघणं हे नव्याने शिकावं लागत नाही. तोटाही तिथूनच येतो. सह्याद्रीत धोका डोळ्यांना दिसतो: घसारा असतो, दृष्टिभय असतं, कातळ ओला असतो. बर्फाचा उतार सुटायच्या बेतात असला तरी तितकाच देखणा दिसतो, आणि त्यावर आधीच्या चार जणांच्या रेघा असल्या तरी पाचव्यासकट तो खाली येऊ शकतो.

रिसॉर्टमध्ये हे आपल्याला कळत नाही, कारण तिथे काम आधीच झालेलं असतं. तुम्ही पहिली लिफ्ट पकडता त्याआधी स्की पेट्रोलची माणसं स्फोटकं लावून संशयित उतार मुद्दाम पाडतात, दोर बांधून काही भाग बंद करतात, दिवसभर हजारो स्कीज बर्फ तुडवत राहतात. हद्दीच्या दोरापलीकडे तोच डोंगर असतो, तेच आभाळ असतं, आणि यातलं काहीही झालेलं नसतं. स्टीव्हन्स पास रिसॉर्टच्या हद्दीबाहेर टनेल क्रीकमध्ये १९ फेब्रुवारी २०१२ ला हिमस्खलनात तिघे गेले. त्या गटात नवशिके नव्हते, उलट स्कीइंगमध्ये मुरलेली माणसं होती. गट मोठा होता आणि खाली अरुंद घळ होती. मोठ्या गटात ‘मला हे ठीक वाटत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. पहिल्या वर्षी तीन किंवा चार जणांच्या वर जाऊ नका, असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

माझं सगळं म्हणणं एका आकड्याभोवती फिरतं. बर्फाचे थर वाचायला वर्षं लागतात, कोन मोजायला अर्धा मिनिट. थराच्या थर सुटून येणारी हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वात जास्त. रिसॉर्टमध्ये ज्या ब्लॅक रनवर तुम्ही नुकतेच खूश झालात त्यातले काही याच टापूतले. म्हणून पहिला अख्खा हंगाम ३० अंशांच्या आत काढायचा, आणि डोक्यावरही तीव्र उतार लटकत नाही हे बघायचं. दुसरा भाग लोक विसरतात. तुम्ही १५ अंशांच्या सपाटीवर चालत असाल आणि वर ३८ अंशांचा मोठा उतार असेल, तर तो सुटल्यावर तुमच्याच अंगावर येणार. कधी कधी खालच्या सपाटीवरच्या माणसाच्या वजनानेही वरचा उतार सुटतो. आणि २५ अंशांवर ताज्या बर्फात रटाळ वाटेल ही भीती सोडा. पिसासारख्या बर्फात २५ अंशांना वळणं अगदी झकास बसतात.

कोन मोजायला फोनमधलं ॲप चालतं, पण थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून स्कीच्या पोलची (हातातल्या काठ्यांची) युक्ती शिकून घ्या. दोन्ही पोल सारख्या लांबीचे करा. एक पोल उताराच्या दिशेने, टोक वर आणि मूठ खाली अशा बेताने बर्फावर आडवा दाबा. त्याचा ठसा उमटतो. आता तोच पोल उचला, त्याचं टोक ठशाच्या वरच्या टोकाला टेकवा. दुसरा पोल त्याच्या मुठीपाशी मूठ धरून ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबू द्या, आणि दोन्ही मुठी एकत्र धरून पुढेमागे करा, लोंबणाऱ्या पोलचं टोक बर्फाला नुसतं टेकेपर्यंत. ते टोक ठशाच्या खालच्या टोकावर बरोबर पडलं तर उतार ३० अंशांचा. ठशाच्या आत पडलं तर कमी, ठशाच्या खाली गेलं तर जास्त. पोल १२० सेंटिमीटरचे असतील तर खाली सरकलेल्या दर १० सेंटिमीटरमागे साधारण ३ अंश वाढवा. समभुज त्रिकोण आहे, शाळेतला. हे अर्थातच संशयित उताराच्या मधोमध उभं राहून करायचं नाही. आधी शेजारच्या छोट्या टेपाडावर करा. महिनाभरात डोळ्याला अंदाज बसतो.

घरी बसून नकाशावर कोन बघायचा तर कॅलटोपो किंवा गाया यांवर उताराच्या रंगांचा थर चालू करता येतो: पिवळ्यापासून वर गेलात की ३० च्या पुढे. त्यात एक मेख आहे. नकाशामागचा उंचीचा तक्ता मोठमोठ्या चौकटींचा असतो, त्यामुळे आठ-दहा मीटरचा एखादा खडा टप्पा त्यात विरघळून जातो. रंग नाही म्हणजे उतार सौम्य, असं समजू नका. रंग आहे तिथे मात्र नक्की जाऊ नका.

घरून निघायच्या आदल्या संध्याकाळी नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज वाचायचा. धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. यातला तिसरा शब्द फसवा आहे. ‘कन्सिडरेबल’ म्हटलं की आपल्या डोक्यात ‘बऱ्यापैकी’ येतं, आणि मराठीत बऱ्यापैकी म्हणजे ठीकठाकच. प्रत्यक्षात त्या पायरीचा अर्थ असा की माणसाच्या वजनाने हिमस्खलन होण्याची दाट शक्यता आहे आणि आपोआपही होऊ शकतं. पाचातली तिसरी म्हणजे मधली, असाही हिशोब चालत नाही; धोका पायरीगणिक झपाट्याने वाढतो. आकड्यावर थांबू नका. खाली कोणत्या दिशेच्या आणि कोणत्या उंचीवरच्या उतारांवर कसला धोका आहे ते चक्रासारख्या आकृतीत दाखवलेलं असतं, ते खरं कामाचं.

कॅस्केडचा बर्फ समुद्राजवळचा: जड, ओला, खोल. वादळात एका रात्रीत दोन फूट पडतो, मधेच पाऊस होतो, परत बर्फ होतो. त्यामुळे इथला नेहमीचा धोका म्हणजे नव्या बर्फाचा थर जुन्यावर नीट बसायच्या आत त्यावर जाणं. वादळ थांबल्यावर एक-दोन दिवस दम धरला तर बऱ्याचदा तो थर बसतो. कोलोरॅडोत थंडी कोरडी आणि बर्फ पातळ, म्हणून तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. इथली ‘दोन दिवस थांबलो की झालं’ ही सवय तिथे नेऊ नका. इथेही कधी कधी कच्चा थर टिकतो, अंदाजात त्याला ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. तो शब्द दिसला की त्या आठवड्यात झाडीतल्या सौम्य उतारांवरच राहा. डोंगरावर असताना मात्र तीन गोष्टी दिसल्या की अंदाज काहीही म्हणो, मागे फिरायचं: आजूबाजूला ताजं हिमस्खलन झालेलं, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज होऊन बर्फ खचलेला, किंवा स्कीच्या टोकापासून सळसळत पुढे गेलेली भेग.

पैसे कुठल्या क्रमाने घालवायचे हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कोर्स. ॲव्हलांच लेव्हल वन तीन दिवसांचा, २४ तासांचा असतो, काही भाग वर्गात, बाकी बर्फात. जागा लवकर भरतात, म्हणून शरद ऋतूतच नोंदवा. मग बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं ही तीन. मग बूट. स्कीज सर्वात शेवटी. पहिले चार-पाच दिवस त्या भाड्याने घेतल्या तरी चालतं. कोर्स व्हायच्या आधी चालण्याचा सराव करायचा तर रिसॉर्टमध्येच करा. बऱ्याच रिसॉर्टमध्ये ठरावीक वाटांवरून, ठरावीक वेळेत स्कीला स्किन (तिच्याबद्दल पुढे) लावून चढू देतात, पास किंवा परवाना लागतो. नियम मोडून रात्री चढायला जाऊ नका. ग्रूमिंगचं, म्हणजे बर्फ सपाट करायचं, यंत्र तीव्र उतारावर पोलादी दोराला बांधून चालवतात. तो दोर शेकडो फूट लांब ताणलेला असतो, अंधारात दिसत नाही आणि अचानक उसळतो.

बीकन छातीशी, जॅकेटच्या आत, पट्ट्याने बांधलेला. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत ठोके सोडतो. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापले बीकन शोधाच्या मोडवर टाकून त्याच्याकडे जायचं. तीन अँटेनांचा घ्या, जुना दोन अँटेनांचा कुणी फुकट दिला तरी नको. फोन त्यापासून सोडताना २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर तरी लांब हवा. तापणारे इलेक्ट्रिक हातमोजे, चुंबकाची बटणं हेही घोटाळा करतात. गाडल्यावर पहिली दहा मिनिटं फार मोलाची असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता वेगाने घसरते. म्हणजे वाचवायला बाहेरून कुणी येणार नाही, जे काय ते सोबतच्यांनीच. सराव करताना दुसरा बीकन पिशवीत घालून पुरून ठेवा. बर्फाच्या पृष्ठभागाजवळ आल्यावर घाई अंगलट येते: शेवटचे तीन मीटर बीकन बर्फाला टेकवून, न फिरवता, आडव्या-उभ्या रेषेत हलवायचा. सर्वात लहान आकडा मिळाला की प्रोब, उताराला काटकोनात, २५-२५ सेंटिमीटरवर चक्राकार. प्रोब लागला की तो तसाच रोवून ठेवायचा. खोदायला सरळ प्रोबच्या डोक्यावर उभे राहू नका. प्रोबवर दिसणाऱ्या खोलीच्या दीडपट खाली सरका आणि तिथून आत शिरा, म्हणजे बर्फ मागे ढकलता येतो आणि गाडलेल्याच्या वरच्या पोकळीवर तुमचं वजन पडत नाही. सगळ्यात जास्त वेळ खोदण्यातच जातो; हिमस्खलनाचा बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो. म्हणून फावडं धातूचंच.

आता पायातलं. रिसॉर्टचे बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) यांवर चालता येत नाही, कारण टाच जखडलेली असते. टूरिंगच्या पिन बाइंडिंगमध्ये बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यात दोन पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. उतरताना मागचा भाग फिरवून टाचही अडकवायची. तुमच्या सध्याच्या बुटांना या खाचा नसतील तर ते इथे चालणार नाहीत. उलटही खरं: टूरिंग बूट जुन्या रिसॉर्ट बाइंडिंगमध्ये खुपसू नका. तळव्याचा आकार वेगळा असल्यामुळे पडल्यावर ते सुटेलच याची खात्री नाही. दुकानात जोडी तपासून घ्या.

पहिल्या दिवशी सर्वात जास्त वेळ इथेच खातो: बूट पिनांत बसतो, दहा पावलांवर निसटतो. कारण नव्वद टक्के वेळा बर्फ. बुटाच्या खाचेत बर्फ ठासलेला असतो किंवा पुढच्या भागाखालच्या स्प्रिंगांमध्ये बर्फ अडकून जबडा पूर्ण मिटत नाही. पोलच्या टोकाने खालचा बर्फ खरवडून काढा, खाचा फुंकर मारून आणि टोकरून साफ करा. मग बूट अडकवून लगेच बाइंडिंगची पुढची पट्टी वर ओढू नका. आधी टाच तीन-चार वेळा पुढेमागे झुलवा, म्हणजे पिना खाचेतला उरलेला बर्फ काढून टाकतात. त्यानंतर पट्टी वर ओढून चालण्याच्या कुलपात. उतरताना ती पट्टी खाली आलीच पाहिजे. कुलपात राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा सुटतो.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. केस मागे लवलेले, त्यामुळे पुढे घसरते आणि मागे अडते. मोहेर (एका जातीच्या बकरीची लोकर) आणि नायलॉनच्या मिश्रणाची घ्या. कापताना दोन्ही बाजूंना धातूची कड उघडी राहील इतकी, साधारण २ मिलिमीटर, जागा सोडा. कड झाकली गेली तर कडक बर्फावर आडवं जाताना स्की सटकते. गोंद बर्फाला लागू देऊ नका. लागलाच तर स्कीच्या कडेवर घासून झाडा, आणि तरीही चिकटेना तर रबरी पट्ट्याने स्किन स्कीला बांधून टाका. असे चार पट्टे बॅगेत हवेतच. तुटलेला बकल, फुटलेला पोल, सगळं त्यांनीच निभावतं. कॅस्केडमध्ये दुसरा त्रास नेहमीचा: उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात शिरलात की स्किनला बर्फाचे गोळे चिकटतात आणि प्रत्येक पायाला चार किलो वजन येतं. स्किनचं मेण निघायच्या आधी घरीच घासा, आणि वडी खिशात ठेवा.

चालताना स्की उचलू नका, घसटत न्या. नवख्याला ओळखायची खूण म्हणजे टप टप आवाज. वाट फार खडी काढायची नाही. टाचेखालची उंच पट्टी लावून सरळ वर चढणं पहिल्या तासात मर्दुमकीचं वाटतं आणि तिसऱ्या तासात पोटऱ्या जाब विचारतात. वळणावर किक टर्न लागतो: वरची स्की उचलून नव्या दिशेला ठेवा, वजन तिच्यावर टाका, मग खालच्या स्कीची टाच जरा झटका देऊन आपटा म्हणजे टोक वर येतं, आणि ती फिरवून आणा. हा सराव घरामागच्या सपाट बर्फावर शंभरदा करा. उतारावर शिकायला गेलात तर मधेच कात्रीत अडकाल. निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे. दहा मिनिटांत घाम आला तर थांबून एक थर काढा, ओलं अंग वर गेल्यावर गोठतं. सुती काहीही नको. आणि बॅगेतली पाण्याची नळी गोठते, बाटलीच बरी.

वेळेचा हिशोब वेर्नर मुंटर या स्विस मार्गदर्शकाच्या पद्धतीने करा. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्यात चढ शेकडा मीटरमध्ये मिळवा, चढायला ४ ने भागा. ४ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे ४ अधिक ६, दहा. भागिले ४, अडीच तास. पहिल्या वर्षी मी त्यात निम्मा वेळ अजून धरायला सांगेन. परत फिरायची वेळ गाडीतच ठरवा, आणि घरच्या कुणाला तरी कळवून ठेवा. इथे शोधपथकं शेरीफच्या अखत्यारीत चालतात, त्यातली माणसं बहुतेक स्वयंसेवक. पोचायला तास जातात. फोनला रेंज नसते, म्हणून गार्मिनसारखं उपग्रहाचं यंत्र किंवा उपग्रहाची सोय असलेला फोन हवा.

माथ्यावर क्रम ठरवून ठेवा, कारण हात गारठल्यावर डोकं चालत नाही. आधी जाड जॅकेट अंगात. एका वेळी एकच स्की काढा, आडवी रोवून ठेवा. मोकळी सुटली तर ती थेट खालच्या ओढ्यात. स्किन काढून गोंद गोंदाला लावून दुमडा आणि जॅकेटच्या आत घाला, परत चढायचं झालं तर ऊब लागते. टाचेचा भाग फिरवा, बूट उतरण्याच्या मोडवर, बकल घट्ट, हेल्मेट, आणि पुढची पट्टी खाली आहे का ते एकदा बघा. मग एकेक करून उतरा. एक जण उतरेल, बाकीचे बघतील, आणि थांबायचं ते बाजूच्या सोंडेवर किंवा दाट झाडीत, उताराच्या पायथ्याशी नाही. झाडांच्या बुंध्याला खेटून जाऊ नका. कॅस्केडमध्ये खालच्या फांद्यांच्या आडोशाने बुंध्याभोवती खोल, भुसभुशीत विहीर तयार होते. त्यात माणूस डोकं खाली, स्की वर असा पडला तर स्वतःहून निघू शकत नाही. झाडीत म्हणूनच जोडीदार नजरेआड करायचा नाही, शिट्टी हाताशी हवी.

वसंतात चित्र पालटतं. रात्री आभाळ मोकळं असलं की बर्फ कडक गोठतो, सकाळी वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मऊ होतो आणि साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. त्या तासा-दोन तासांत उतरायचं. घोटा बुडायला लागला म्हणजे उशीर झाला, ओल्या हिमस्खलनाची वेळ आली. माउंट रेनियरवर पॅराडाइजहून कॅम्प मूरपर्यंतचा बर्फाचा पट्टा मे-जूनमध्ये याच कारणाने गजबजतो. पॅराडाइज ५,४०० फुटांवर, मूर १०,००० फुटांच्या जरा वर, म्हणजे सरळ पाच हजार फुटांच्या आसपास चढ. पहिल्या खेपेला अर्ध्यातून फिरलात तरी उतरण भरपूर मिळते. तिथला खरा शत्रू ढग. पंधरा मिनिटांत सगळं पांढरंफेक होतं, वर-खाली कळत नाही, आणि एका बाजूला भरकटलात तर निस्क्वाली हिमनदीच्या भेगा, दुसऱ्या बाजूला पॅराडाइज हिमनदी. चढताना जीपीएसवर वाट नोंदवत जा, ती नसेल तर उतरूच नका. नोव्हेंबर ते एप्रिल गाडीत साखळ्या ठेवणं तिथे सक्तीचं आहे, चारही चाकांवर चालणारी गाडी असली तरी. सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या माथ्यावर जायचं तर ४,८०० फुटांच्या वर परवाना लागतो, आणि विवराच्या कडेला बर्फाचं छज्जं बाहेर झुकलेलं असतं. फोटोसाठी त्याच्या टोकावर जायचं नाही. पायाखाली डोंगर आहे की नुसता बर्फ, हे वरून कळत नाही.

घरी आल्यावर बीकन बंद करा आणि काही महिने वापरायचा नसेल तर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या आत पाझरतात. बुटांतली अस्तरं बाहेर काढून वाळवा. स्किन दोरीवर सावलीत टांगा, हीटरवर नाही. गोंद वितळून केसांत उतरतो आणि ती पट्टी पुढच्या शनिवारी स्कीवर राहत नाही.